मुंबईतील स्वस्त घरे आणि उजेड-वाऱ्याचा हिशेब

गृहबांधणीच्या चर्चेत ‘ऊर्जेची काटकसर’ हा शब्दप्रयोग अलीकडचा असला, तरी त्यामागील प्रश्न जुना आहे. मुंबईसारख्या उष्ण व दमट हवेच्या शहरात स्वयंपाकाचे इंधन वगळले, तर गरिबाच्या घरात लागणारी ऊर्जा मुख्यतः दोन कामी खर्च होते : अंधार घालविणे आणि हवा हलती ठेवणे. ही दोन्ही कामे खिडकीने केली तर त्यांना दाम पडत नाही. खिडकीने केली नाहीत तर ती दिव्याला आणि पंख्याला करावी लागतात, व त्याचे बिल दरमहा भाडेकरूच्या हाती येते. या दृष्टीने पाहिले असता स्वस्त व काटकसरीच्या घरांचा मुंबईतील इतिहास विजेच्या उपकरणांपासून सुरू होत नाही. तो दोन भिंतींमध्ये किती मोकळी जागा सोडावी या वादापासून सुरू होतो. गरिबांसाठी कोणी घरे बांधावीत म्हणून शहराने वेळोवेळी ज्या सवलती देऊ केल्या, त्यांची किंमत बहुधा तिजोरीतून दिली गेली नाही. ती या मोकळ्या जागेतून दिली गेली.

इ. स. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचे रोगी आढळले. रोगाच्या कारणांविषयी त्या काळी एकमत नव्हते. पिसवा व उंदीर यांचा संबंध पुढे सिद्ध व्हावयाचा होता. परंतु अंधाऱ्या, ओलसर आणि कोंदट खोल्यांत रोग पोसतो ही समजूत इतकी दृढ होती की, १८९८ मध्ये स्वतंत्र कायदा करून ‘सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ ही संस्था स्थापण्यात आली. दाट वस्त्या मोकळ्या करणे, नवे रस्ते काढणे, समुद्रात भर घालून जमीन मिळविणे आणि गरिबांसाठी आरोग्यदायी घरे बांधणे ही कामे तिच्याकडे सोपविली गेली. पश्चिमेकडील समुद्राचा वारा शहराच्या आतल्या भागात यावा हा प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड या रस्त्यांच्या आखणीचा एक घोषित हेतू होता. रस्ता हा वाऱ्याचा पाट समजून आखण्याची ही कल्पना आज काहीशी भाबडी वाटेल. तिच्यामागे मात्र एक अचूक निरीक्षण होते : मुंबईत हवा थंड करता आली नाही तरी ती वाहती ठेवता येते, आणि वाहत्या हवेत तोच उकाडा सुसह्य होतो.

ट्रस्टच्या कामातील सर्वांत टिकाऊ कल्पना एका कोनाच्या रूपाने मांडली गेली. ती ‘साडेत्रेसष्ट अंशांचा नियम’ म्हणून ओळखली जाते. राहण्याच्या प्रत्येक खोलीला निदान एक बाजू बाहेरच्या हवेला लागून असावी, आणि त्या बाजूला खोलीच्या तळापासून क्षितिजाशी साडेत्रेसष्ट अंशांचा कोन करून काढलेल्या रेषेच्या आड समोरची इमारत येऊ नये, असा त्याचा आशय होता. भूमितीच्या भाषेत याचा अर्थ सोपा आहे : समोरच्या भिंतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक असता कामा नये. इंग्लंडात अशा कामी पंचेचाळीस अंशांचे प्रमाण आदर्श मानले जाई. मुंबईचा सूर्य अधिक उंचावरून तळपतो आणि येथील जमीन अधिक महाग आहे, ही दोन कारणे मिळून प्रमाण सैल झाले. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईतील घरांच्या उजेडावर व हवेवर जे व्याख्यान दिले, त्यात या नियमाची तपशीलवार चर्चा आढळते. ट्रस्टने भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनींवर हा नियम कराराची अट म्हणून घालता येई. खाजगी मालकांच्या जुन्या वस्तीत त्याचा जोर चालत नसे.

येथेच सवलतींचा प्रश्न पहिल्यांदा स्पष्टपणे उभा राहिला. दाट वस्ती पाडावयाची तर मालकाला भरपाई द्यावी लागे, आणि भरपाई ठरविताना घराच्या भाड्याचे उत्पन्न हा मोठा आधार असे. ज्या मालकाने अंगण बुजवून खोल्या काढल्या, मजल्यावर मजला चढविला आणि एका खोलीत दोन बिऱ्हाडे ठेवली, त्याचे उत्पन्न अधिक. म्हणून त्याची भरपाईही अधिक. ज्याने मोकळी जागा राखली त्याला कमी. ऑर यांना ही विसंगती फार खुपत असे. गर्दी करणाऱ्याला सार्वजनिक पैशातून बक्षीस मिळते, हे त्यांच्या युक्तिवादाचे सार होते. अंधाऱ्या खोल्यांचा वापर बंद करावयास लावणे, घराचा तेवढाच भाग पाडून उजेड आत घेणे आणि त्याचा भार मालकावर टाकणे, अशी मांडणी त्यांनी केली. याच सुमारास हिंदुस्थानातील नगरांची पाहणी करणारे पॅट्रिक गेडिस वस्तीच्या ‘जपून केलेल्या शस्त्रक्रिये’चा पुरस्कार करीत होते. दोघांच्या भूमिका एक नव्हत्या. गेडिस यांची दृष्टी वस्तीतील माणसांवर होती, ऑर यांची मालकाच्या हिशेबावर. गेडिस पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राच्या अध्यापनासाठी आले, पण त्यांच्या विचारांचा शहराच्या बांधकामावर फारसा ठसा उमटला नाही. ऑर यांची मांडणीही कागदावरच अधिक राहिली. ट्रस्टने पहिल्या दोन दशकांत जेवढी घरे पाडली तेवढी बांधली नाहीत. उठविलेली कुटुंबे शेजारच्या गल्लीतील जुन्या चाळींत शिरली आणि तेथील गर्दी वाढली. रस्ता रुंद झाला. त्याच्या आड उभी असलेली चाळ होती तशीच राहिली.

जुन्या खाजगी चाळीचे वर्णन बहुधा तिच्या गैरसोयींच्या यादीने केले जाते, आणि ती यादी खोटी नाही. तरीही तिच्या रचनेतील एक गुण नोंदवावा लागतो. खोल्यांच्या ओळीसमोरून जाणारी उघडी गॅलरी भिंतीवर सावली धरते, पावसाची झड अडविते, आणि समोरचे दार व मागची खिडकी उघडी ठेवली तर खोलीतून वारा आरपार जातो. येथे ‘तर’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण मागच्या खिडकीसमोर बहुधा दुसऱ्या चाळीची भिंत व मधली चिंचोळी ‘घरगल्ली’ असे. शिवाय कुटुंब वाढले की रहिवासीच गॅलरी बंद करून घेत. जागेची टंचाई असेल तेथे माणूस स्वतःहून वारा देऊन जागा घेतो. हा व्यवहार केवळ बिल्डर करीत नाही, हे विसरून चालणार नाही.

१९२० मध्ये सरकारने विकास खाते निर्माण केले आणि गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या पुढाकाराने पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला. त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया उपकर बसविण्यात आला. मुंबईच्या गृहबांधणीच्या इतिहासात धंद्यावर कर बसवून गरिबांच्या घरांना पैसा पुरविण्याचा असा स्पष्ट प्रयत्न विरळाच. प्रत्यक्षात वरळी येथे १२१, नायगाव येथे ४२, डिलाईल रोड येथे ३२ आणि शिवडी येथे १२ अशा २०७ चाळी उभ्या राहिल्या. सिमेंट काँक्रीटच्या चार मजल्यांच्या या इमारतींत दर मजल्याला वीस खोल्या होत्या व खोलीचे क्षेत्र सुमारे १६० चौरस फूट होते. इमारतींमधील अंतर जुन्या चाळींच्या मानाने पुष्कळच मोकळे होते. त्यात ट्रस्टच्या परंपरेचा वारसा दिसतो. परंतु खर्च वाचविण्यासाठी आतली रचना बदलली. खोल्या एका बाजूस नव्हे तर मधल्या बोळाच्या दोन्ही बाजूंस काढल्या गेल्या. त्यामुळे प्रत्येक खोलीला बाहेरची एकच भिंत राहिली, दाराकडून वारा येण्याची वाट बंद झाली आणि मधला बोळ दिवसाही अंधारा झाला. बाहेर राखलेला वारा आत हरवला. भाडे गिरणी कामगाराला जड, ठिकाण त्या काळी दूर; म्हणून अनेक खोल्या कित्येक वर्षे रिकाम्या पडल्या, आणि सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळींचा तुरुंग म्हणून उपयोग झाला. पुढे मात्र त्याच चाळी कामगारांच्या राजकारणाची, नाटकमंडळ्यांची व व्यायामशाळांची घरे झाल्या, ही गोष्ट सर्वश्रुत आहे.

स्वातंत्र्योत्तर काळाचा आढावा येथे थोडक्यात घेतला तरी चालेल. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि भाड्यासाठी घरे बांधण्यातील खाजगी मालकाचा रस संपला. १९६९ मध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी मंडळ स्थापन झाले, १९७१ मध्ये झोपडपट्टीविषयक कायदा आला, १९७७ मध्ये म्हाडा अस्तित्वात आली. सरकारी बांधकाम मागणीच्या मानाने फार थोडे होते. या काळात एका नव्या साधनाचा उदय झाला, आणि पुढील सर्व इतिहास त्याच्याभोवती फिरतो. ते साधन म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक.

१९६७ मध्ये अमलात आलेल्या विकास आराखड्याबरोबर हा निर्देशांक मुंबईच्या नियमांत रुजला. भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करावे याची ती मर्यादा होती, म्हणजे मूळ हेतू गर्दीला आळा घालण्याचा होता. परंतु मर्यादा घातली की ती ओलांडण्याच्या परवानगीला किंमत येते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत बेट शहरासाठी १.३३ आणि उपनगरांसाठी १ हा निर्देशांक ठरला. त्याच नियमावलीने जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या व झोपडपट्ट्यांच्या पुनर्विकासाला वाढीव निर्देशांक देऊ केला. प्रारंभीच्या योजनेत बिल्डरच्या नफ्यावर २५ टक्क्यांची मर्यादा होती व रहिवाशाने काही रक्कम भरावयाची होती. १९९५ नंतर ही दोन्ही बंधने गेली. अफझुलपूरकर समितीच्या अहवालानंतर झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले, आणि पात्र कुटुंबाला २२५ चौरस फुटांचे घर विनामूल्य द्यावयाचे ठरले. त्या मोबदल्यात बिल्डरला विक्रीयोग्य बांधकाम मिळे : पुनर्वसनाच्या प्रत्येक १० चौरस मीटरांमागे बेट शहरात ७.५, उपनगरांत १० आणि धारावीसारख्या अवघड ठिकाणी १३.३३ चौरस मीटर. सरकारच्या तिजोरीतून एक पैसा खर्च न होता घरे उभी राहणार होती. निर्देशांक हे आता शहराचे चलन झाले होते, आणि ते छापण्यास सोन्याचा साठा लागत नव्हता.

परंतु साठा लागत होता. तो जमिनीवरील मोकळ्या जागेचा. ज्या भूखंडावर मूळ झोपड्यांतील सर्व कुटुंबे आणि त्याशिवाय विक्रीची इमारत बसवावयाची, तेथे पुनर्वसनाच्या इमारती एका कोपऱ्यात दाटीने उभ्या केल्याशिवाय हिशेब जुळत नाही. म्हणून नियमावलीनेच सूट दिली. इतर निवासी इमारतींना उंचीच्या प्रमाणात मोकळी जागा सोडण्याचे बंधन असताना, २४ मीटरपर्यंत उंचीच्या पुनर्वसन इमारतींमध्ये ३ मीटरांचे अंतर पुरेसे मानले गेले. हा आकडा ट्रस्टच्या नियमाशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. २४ मीटर उंचीसाठी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाने १२ मीटर अंतर लागले असते. ३ मीटर अंतर ठेवल्यास तळमजल्यावरून समोरच्या इमारतीचा माथा सुमारे ८३ अंशांवर दिसतो. खिडकीतून आकाश दिसण्यासाठी मान जवळजवळ सरळ वर करावी लागते. जुना नियम अशा इमारतीत जमिनीपासून १८ मीटरांच्या वरच, म्हणजे आठांपैकी वरच्या दोन मजल्यांनाच पाळला जातो. खालच्या सहा मजल्यांचा उजेड हा या सवलतीचा न दाखविलेला खर्च होय.

हा खर्च कोणी भरला याचे पुरावे गेल्या काही वर्षांत पुढे आले आहेत. मानखुर्द-गोवंडी भागात रस्ते व रेल्वे प्रकल्पांमुळे उठविलेल्या कुटुंबांसाठी लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या, आणि तेथील इमारती याच तीन मीटरांच्या मापाने बांधल्या गेल्या. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था व आय.आय.टी. मुंबई यांनी २०१८ च्या सुमारास या दोन वसाहतींची तुलना जवळच्याच, अधिक मोकळ्या आखणीच्या पी.एम.जी. कॉलनीशी केली. दाटीच्या वसाहतींत क्षयाचे प्रमाण ठळकपणे अधिक आढळले, आणि त्यांतही खालच्या, उजेड न पोहोचणाऱ्या मजल्यांवर. प्लेगच्या वेळी ज्या समजुतीवर शहराने कायदा केला ती प्लेगच्या बाबतीत अर्धवट होती. क्षयाच्या बाबतीत ती खरी ठरली. दुसरा पुरावा विजेचा. रमित देबनाथ, रोनिता बर्धन व त्यांचे सहकारी यांनी मुंबईतील पुनर्वसन घरांचा अभ्यास करून २०१९ मध्ये दाखविले की, झोपडीतून इमारतीत गेल्यावर कुटुंबाची विजेची उपकरणे वाढतात. हे केवळ सुबत्तेमुळे घडत नाही. घराच्या रचनेने लादलेली गरज हेही त्याचे कारण असते. झोपडीसमोरच्या उघड्यावर होणारी कामे बंद खोलीत आली, दिवसाही दिवा लागू लागला, पंखा थांबेनासा झाला. बिलाचा भार आणि घरातील घुसमट ही कुटुंबे पुन्हा झोपडपट्टीकडे वळण्याच्या कारणांपैकी आहेत. घर फुकट मिळाले, पण त्यात राहणे फुकट नव्हते. देखभालीसाठी बिल्डरने दर घरामागे ठेवावयाची २० हजार रुपयांची अनामत उद्वाहन आणि पाण्याचा पंप यांच्या विजेपुढे किती काळ पुरणार, हा प्रश्न योजना आखताना गौण मानला गेला.

या योजनेच्या बाजूनेही बोलता येते, आणि ते न्यायाने नोंदविले पाहिजे. झोपडीत पत्र्याखाली उन्हाळा काढणाऱ्याला, पाण्यासाठी व शौचालयासाठी रांग लावणाऱ्याला पक्की भिंत, नळ आणि स्वतंत्र शौचालय यांचे मोल उजेडापेक्षा अधिक वाटले, तर त्याचा निर्णय चुकीचा ठरत नाही. सवलत नसती तर यांतील बहुतेक घरे झालीच नसती, हेही खरे. तीन मीटर अंतर हा मात्र निसर्गाचा नियम नव्हता. पुनर्वसनाची आणि विक्रीची इमारत एकाच भूखंडावर असताना मोकळी जागा दोघांत कशी वाटावी, हा निर्णय होता. विक्रीच्या इमारतीला समुद्राचा वारा मिळाला तो पुनर्वसनाच्या इमारतीच्या वाट्यातून, हे अनेक ठिकाणी नकाशावर नुसते पाहूनही कळते. कमी उंचीच्या दाट वस्तीतही आकाश राखता येते हे चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी १९८० च्या दशकात बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये दाखविले होते. परंतु मुंबईच्या जमिनीच्या भावाशी त्या नमुन्याची गाठ कधी पडलीच नाही.

एकविसाव्या शतकात ‘हरित’ इमारतींसाठीच्या सवलती आल्या, तेव्हा त्यांची आखणी या अनुभवापासून अलग झाली. पुणे महापालिकेने सौर जलतापक, पर्जन्यजल संधारण व गांडूळखत यांसाठी मिळकत करात ५ ते १० टक्के सूट दिली. पिंपरी-चिंचवडने गृह मानांकनाच्या ताऱ्यांनुसार बिल्डरला अधिमूल्यात व घरमालकाला करात सवलत ठेवली. डिसेंबर २०२० च्या राज्यव्यापी एकत्रित विकास नियमावलीने, जी बृहन्मुंबईस लागू नाही, मानांकनाच्या पायरीनुसार ३, ५ किंवा ७ टक्के वाढीव चटईक्षेत्र देऊ केले. चलन तेच : अधिक बांधकाम. शिवाय करातील सूट ज्याला कर आहे त्यालाच उपयोगी पडते. मुंबईत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. गरीब कुटुंबाला तो मोठाच दिलासा; पण त्याबरोबरच कराच्या वाटेने लहान घरापर्यंत काटकसरीचे उत्तेजन पोहोचविण्याचा मार्गही मुंबईत बंद झाला. ज्या घरांना त्याची सर्वांत अधिक गरज, नेमकी तीच घरे या साधनाच्या कक्षेबाहेर गेली.

२०१८ च्या ‘इको निवास संहिते’ने निवासी इमारतींसाठी प्रथमच देशव्यापी मापे घालून दिली. बाह्य भिंतींतून आत येणाऱ्या उष्णतेला दर चौरस मीटरास १५ वॅट ही मर्यादा घातली. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेत उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या १६.६६ टक्के, म्हणजे एक-षष्ठांश असावे असे सांगितले. ही मापे विचारपूर्वक ठरविलेली आहेत. खिडकी केवढी असावी हे संहिता सांगते. त्या खिडकीसमोर किती अंतरावर भिंत असावी हा विषय मात्र ती स्थानिक नियमांवर सोडते. ऑर यांच्या नियमात नेमके याच्या उलट होते : खिडकीचे माप सैल, समोरचे आकाश पक्के. एक-षष्ठांश खिडकी आणि तीन मीटर अंतर ही दोन्ही मापे एकाच इमारतीत कागदोपत्री एकत्र नांदू शकतात.

वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी म्हाडाने उभारलेल्या चाळीस मजली इमारतीतील ५५६ घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये जुन्या रहिवाशांना देण्यात आल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर आले, मधला अंधारा बोळ गेला, आणि उंचावरच्या मजल्यांवर समुद्राचा वारा भरपूर आहे. बारा वर्षांपर्यंत देखभालीचा भार रहिवाशांवर पडणार नाही अशी तरतूद आहे. उद्वाहने, पाणी वर चढविणारे पंप आणि मजल्या-मजल्यावरचे दिवे यांच्या विजेचे बिल त्यानंतर, म्हणजे २०३७ पासून, शंभर वर्षे चार मजले पायी चढणाऱ्या कुटुंबांच्या नावे येऊ लागेल.